पूल वाहून गेला त्या आठवड्यात

सोनाळा

प्रिय शेखर,

तुम्हाला नावानं हाक मारायची मला सवय नाही. पण कागदावर 'अहो' लिहून पाहिलं, तर किराण्याच्या दुकानात चिठ्ठी पाठवल्यासारखं वाटलं. म्हणून नावच लिहिलं. वडनेर भोलजीचा जीवन सुट्टी संपवून तुमच्याकडे मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. घर सुखरूप आहे, संत्र्याच्या बागेत खालच्या अंगाला पाणी शिरलं पण झाडं उभी आहेत, एवढं फोनवर सांगून झालं. त्यापुढचं बोलता आलं नाही. बाबा शेजारीच बसले होते.

नाल्यावरचा पूल वाहून गेला त्या सकाळी आधी वीज गेली, मग फोनचा टॉवर. गावाबाहेर जायची सोयच उरली नाही. पावसाची झड अशी लागली होती की शेजारच्या अन्नपूर्णाबाईंकडे जायचं तरी डोक्यावर पोतं घ्यावं लागायचं. घरात मी आणि तुमचे बाबा. काम थोडं आणि दिवस मोठा. बाबांना सकाळी चहाबरोबर पेपर लागतो, तो येणार कुठून? मी माळ्यावरच्या डब्यांखाली अंथरलेले जुने पेपर काढले, झटकले आणि वाचून दाखवू लागले. मला वाटलं होतं, जुने आहेत म्हणून रागावतील. पण ते आजचंच समजून ऐकत होते. कापसाचा भाव ऐकून म्हणाले, "इतक्या कमी भावात काऊन देऊन राह्यले लोकं? थोडं थांबा म्हना त्याइले." मी हसले. पहिले एक-दोन दिवस मला ती गंमतच वाटली. बाबा पहिल्यापासून विसराळू, असं मनाला सांगत राहिले.

मधे एका दुपारी वीज आली. तेवढ्यात तुमचा लॅपटॉप चार्ज करून घेतला आणि आपल्या लग्नाची फिल्म लावली. अन्नपूर्णाबाईही येऊन बसल्या. बाबा किती खुश होते म्हणून सांगू. एकेकाला ओळखत होते, कोणाचं जेवण राहिलं होतं, कोणाचा फेटा सुटला होता, सगळं. मग आई दिसल्या. "सरस्वतीनं हेच लुगडं नेसलं होतं," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. आई गेल्याचं त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला पाहून म्हणाले, "हे आपली रुपाली." मग तुमच्याकडे बोट केलं आणि विचारलं, "हा नवरदेव कोनाचा पोरगा हाय, पोरी?"

अन्नपूर्णाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुमचाच, बाबा. शेखर. ते हसायला लागले. "काईच्या काई. शेखर तर शाळेत गेला." आणि मग हसणं थांबलं. दाराकडे पाहून म्हणाले, "नाल्याले पूर हाय. कसा यीन तो?"

त्यानंतरचे सगळे दिवस ते त्याच काळजीत होते. रेडिओत सेल घालून द्यायला लावले. अकोल्याच्या बातम्या लागल्या की कान लावून बसायचे, शाळांना सुट्टी दिली का ऐकायला. गाणं लागलं की मला आवाज कमी करायला सांगायचे. तुमच्या ट्रंकेतलं आठवीचं मराठीचं पुस्तक शोधून आणायला लावलं. पोरगा आला की त्याचा धडा मागं पडायला नको म्हणून रोज मी एक धडा वाचायचा आणि त्यांनी ऐकायचा. समासात तुम्ही बैलांची चित्रं काढलीत, एका बैलाला चष्मा आहे. तुम्ही मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी ते पान बराच वेळ उघडंच ठेवलं.

जेवायला बसले की त्यांचा घास अडायचा. शेवटी मी सांगितलं, शेखर मास्तरांच्या घरी राहिलाय, पलीकडच्या गावात. "जेवला असन ना?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं, वरण-भात, आंब्याचं लोणचं. तेव्हा कुठे ते जेवले. मग रोज संध्याकाळी मला सांगावं लागायचं, आज तुम्ही काय खाल्लं, कुठे झोपलात, अंगावर पांघरूण आहे की नाही. आणि शेखर, सांगता सांगता मलाही ते खरं वाटू लागलं. तुम्ही समुद्रापलीकडे नाही, नाल्यापलीकडे आहात. पाणी ओसरलं की याल.

पाणी ओसरलं. पुलाच्या जागी दगड-मुरूम टाकून रस्ता केला आणि पहिली एसटी आली. बाबा धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर उभे. मी तांदूळ निवडायचं निमित्त करून दारात. माणसं उतरली, पिशव्या सांभाळत आपापल्या घरी गेली. गाडी रिकामी झाली तरी आम्ही दोघं तिकडेच पाहत होतो. मग बाबा आत आले, काठी कोपऱ्यात ठेवली. "आज बी नाही आला," म्हणाले.  सूप तिथेच ठेवून मी आत गेले. मी का रडतेय ते माझं मलाच कळेना, कारण कोणीही उतरणार नाही हे मला तर माहीत होतं.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला. बाबा तुमच्याशी "हाव, बरा हाय" असं किती नीट बोलले, ऐकलंत ना? फोन ठेवून मला म्हणाले, सोसायटीचा मानूस होता, भला वाटला. ते सगळ्यांशी तसंच बोलतात, म्हणून तुम्हाला काही कळलं नाही.

फोनवर तुम्ही मला विचारलं होतं की कंपनी आणखी दोन वर्षांचा करार करतेय, सही करू का. मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल ते करा. दर वेळी तुम्ही विचारता आणि मी हेच म्हणते. या वेळी उत्तर बदलायचं आहे, म्हणून हे लिहिलं. सही करू नका. बाबांसाठी या, असं लिहिलं असतं तर तुम्ही लगेच निघाला असता, मला माहीत आहे. पण ते खोटं होईल. तुम्ही दारात उभे राहिलात तर ते तुम्हाला पाणी देतील, बसा म्हणतील, आणि पुन्हा त्या पोराची वाट पाहत रस्त्याकडे बघत बसतील. त्यांच्यासाठी यायला उशीर झालाय. माझ्यासाठी या. नऊ वर्षांच्या संसारात मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागतेय. तुम्ही उतराल तेव्हा केस पिकलेले असोत, तब्येत सुटलेली असो, मी तुम्हाला गाडीच्या पायरीवरच ओळखीन.

तुमची, आणि फक्त तुमचीच,
रुपाली