लॅपटॉपच्या पोटातलं कुंकू

गुरुजी, काकूंच्या आवाजात तुमच्या सगळ्या चाली रेकॉर्ड झाल्या. ज्या जुन्या, रखडत्या लॅपटॉपला माझ्या घरात कोणी हात लावत नव्हतं, त्याच्यावरच झाल्या. हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सुचलं नाही.

तुम्ही गेल्यावर गावातलं भजन मंडळ काकूंनीच चालवलं. तुम्ही लावलेल्या चाली कुठं उतरवलेल्या नव्हत्या, त्या फक्त त्यांच्या गळ्यात होत्या. मंडळातल्या बायका त्यांच्या मागून म्हणतात, पण पुढं होऊन उचलणारी एकही नाही. आता काकूंचे गुडघे गेले, म्हणून तुमची लेक त्यांना कायमचं अकोल्याला न्यायला येणार होती. अमरावतीहून चांदूर बाजारच्या रस्त्यानं गावाकडं जाताना माझ्या मनात एकच गोष्ट असायची, की या बाईंबरोबर त्या चालीही गाडीत बसून जातील आणि इथं कोणाकडं काही उरणार नाही.

तुमची पेटी बाहेर काढून पाहिली होती. भाता उंदरांनी खाल्लेला. दुसरी पेटी आणता आली असती, पण काकूंचा आवाज वयानं उतरलाय आणि नेमका दोन पट्ट्यांच्या मधोमध बसतो. इकडची पट्टी धरली तर ओढ लागते, तिकडची धरली तर ढिला पडतो. लॅपटॉपमधली पेटी मात्र केसभर खालीवर करता येते. मी की-बोर्ड जोडतो, बोट ठेवतो आणि आवाज पेटीचा येतो. बोट ठेवलं की लगेच यावा, एवढंच पाहिजे होतं, आणि तेवढंच होत नव्हतं.

हे यंत्र आवाज लगेच देत नाही, गुरुजी. आधी थोडा साठवतं आणि मग सोडतं. त्या साठ्याला बफर म्हणतात. साठा मोठा ठेवला तर सूर उशिरा येतो, आणि लहान ठेवला तर यंत्राला झेपत नाही, फुटाणे फुटल्यासारखी तडतड होते. पहिल्या दिवशी मी साठा मोठा ठेवला. काकू हेडफोन लावून बसल्या, म्हणू लागल्या. पेटी मागून येते म्हणून त्या थांबत, त्या थांबल्या म्हणून मी थांबत होतो, आणि आम्हा दोघांची वाट पाहत झील धरणाऱ्या बायका थांबत होत्या. तिसऱ्या कडव्याला भजन बैलगाडीच्या चालीनं निघालं. मग मी साठा लहान केला. तडतड सुरू झाली, पंखा घरघरू लागला आणि पडदा गोठला.

काकूंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "तुया मशीनले तं दमा हाय रे पोट्ट्या. माया गुडघ्यापेक्षा बेकार."

पन्नाशीला आलेल्या माणसाला पोट्ट्या म्हणणारं आता तेवढंच एक घर उरलंय. बायका हसल्या, मीही हसलो. नवा लॅपटॉप यंदा शक्य नव्हता, माझ्या लेकीच्या क्लासची फी आधी होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा आहे, आम्ही एकमेकांना भाईच म्हणतो. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि आत टॉर्च धरला.

"भाई, याचं लग्न लावलं होतं का तुमी?"

"काहून?"

"अंदर पूरा हळदी-कुंकू भरून हाय. पंखा पाहा, लाल झाला. अन् ही झेंडूची पाकळी. हवा कुठून घेईन बिचारा? गरम होते, मंग घाबरून हळू चालते."

मी पाहतच राहिलो. दर दसऱ्याला मी लॅपटॉप पाटावर ठेवून, उघडून, चालू करून पूजा करायचो. चालू यासाठी की बंद यंत्राची पूजा कशी करायची. चिमटीनं हळद-कुंकू वाहायचो, आणि खालचा पंखा तो प्रसाद इमानदारीनं आत ओढून घ्यायचा. त्यात आपल्या वऱ्हाडातली धूळ आणि कापसाचे उडते तंतू. सगळं मिळून आत चांगली गादी झाली होती.

आणि तिथं, त्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या मला दिसलं, तुम्ही मला रागावताय. मी चौथीत आहे, तुमच्या स्वयंपाकघरात दसऱ्याची पेटी मांडलेली आहे. मी मूठभर कुंकू सरळ पट्ट्यांवर टाकलंय आणि तुम्ही माझं मनगट धरलंय. "झाकण लावून घे अगुदर. देवाले कपाळ असते, पेटीले नाक असते. नाकात कुंकू घातल्यावर ते काय गाईन?" काकू चुलीपाशी भाकर थापता थापता हसताहेत. ही गोष्ट मला आठवत नव्हती असं नाही. लॅपटॉपलाही नाक असतं, एवढंच डोक्यात आलं नव्हतं.

भाईनं ब्रशनं सगळं साफ केलं, चिप थंड ठेवणारा आतला वाळलेला लेप खरवडून नवा लावला, जुनी फिरती डिस्क काढून नव्या पद्धतीची बसवली. झाकण लावताना म्हणाला, "पूजा करा भाई, आमी कोण ना म्हणणारे. पण बाहेरून करा." ते कुंकू मी कागदात बांधून आणलं आणि तुळशीत टाकलं. फेकवेना.

उरलेलं काम माझं होतं. तुमचा भाता गळू लागला तेव्हा तुम्ही पेटीचे जास्तीचे खटके बंद करायचात, एकाच सुरावर सगळी हवा द्यायचात. मीही तसंच केलं. इंटरनेट तोडलं, आपल्या आपण फोटो चढवणारे, बातम्या आणणारे, पहारा देणारे सगळे प्रोग्राम तेवढ्यापुरते गप्प केले. बॅटरी वाचवायची सेटिंग काढून वीज पूर्ण दिली. तंबोरा आणि ताल आधीच वाजवून पक्के करून ठेवले, म्हणजे यंत्राला ते पुन्हा पुन्हा घडवावे लागू नयेत. मग साठा लहान केला आणि बोट ठेवलं.

सूर बोटाखालीच होता, गुरुजी. मी पुन्हा ठेवलं, पुन्हा तिथंच. विठ्ठलाचं नाव आपोआप तोंडातून आलं.

काकूंचं सामान बांधून झालं होतं त्या दुपारी आम्ही बसलो, त्याच स्वयंपाकघरात, कारण रस्त्याचा आवाज तिथं येत नाही. काकूंनी लॅपटॉपला कान लावला. "आज घरघर नाई करून राह्यला. औषध लागू पडलं वाटते." मग डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली चाल संपली, दुसरी संपली. बायकांची झील अशी पडत होती, की काकूंचा शेवटचा शब्द खाली यायच्या आत त्या वरच्या वर झेलत होत्या. लेक गाडीची घाई करायला आली आणि दारातच मांडी घालून बसली. एकदाही तडतड नाही, एकदाही थांबणं नाही. शेवटची चाल काकूंनी मला न सांगता दुप्पट लयीत, दुगणीत नेली. मी गेलो. बायका आल्या. यंत्रही आलं. पन्नास वर्षांत मला एवढं जिंकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

परवा अकोल्याला जाऊन त्यांना सगळं ऐकवलं. गॅलरीत खुर्चीवर बसून, मांडीवर बोटांनी ठेका धरून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मंडळातल्या एका सुनेनं फोनवर ऐकून चार चाली उचलल्यासुद्धा आणि आता तीच पुढं म्हणते, हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, "मंग आता मी गेली तरी चालते."

मी वाट पाहत होतो. पेटी बरी वाजवली, एवढं तरी म्हणतील म्हणून. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पेटी जराशी कमी कर. मधी मधी येते."

हो म्हणालो. घरी येऊन लॅपटॉप उघडला, पेटीचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी समोर आली, आणि तशीच ठेवून बंद केला. आवाज अजून कमी केलेला नाही. तुम्हाला विचारलं तर तुम्हीही कमी करच म्हणाल, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहू देतो.