मांडीवरचा ताका

३ फेब्रुवारी ९७, सोमवार
शाळा सुटल्यावर मधुकरच्या शेडवर. चित्रकलेच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी शाळेत चित्रकला शिकवते, तो भंगारातल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, लोखंडातून मूर्ती जोडतो. इथल्या गुजराती कापड-कारखानदार शेठच्या नव्या कापड मार्केटसाठीची मूर्ती पूर्ण झाली. बसलेली बाई, मांडीवर आडवा कापडाचा ताका. रविवारी अनावरण. मूर्तीबद्दल चार शब्द मी बोलायचे.
बघत राहिले. ताका मधोमध खचलाय. एक टोक बाईच्या दंडावरून मागे लोंबतंय, मान टाकल्यासारखं. इटलीतली ती पाचशे वर्षांपूर्वीची संगमरवरी मेरी, मांडीवर क्रुसावरून उतरवलेला येशू...
"हा ताका नाहीये," मी म्हटलं.
"ताकाच आहे." वेल्डिंगचा चष्मा चढवून पाठ फिरवली.

५ फेब्रु.
मूर्तीचा चेहराही ओळखीचा. नवागाम वस्तीतल्या सिंधूताई! त्यांचा रवी माझ्या वर्गात होता. गेल्या पावसाळ्यात शेठच्याच कारखान्यात लूमवर शॉक लागून गेला.
म.ला सरळ विचारलं. चष्मा काढून ठेवला: "प्रेत तिथल्याच कोऱ्या कापडात गुंडाळून आणलं. मी होतो तिथं."
"शेठना कळलं तर?"
"त्यांना अजून तरी कापडच दिसतंय."

७ फेब्रु., शुक्र.
सिंधूताईंकडे गेले. त्यांना न विचारता बोलणं बरं नव्हे. पुस्तकातला इटलीतल्या मूर्तीचा फोटो दाखवला.
"ही माय इतली तरणी कशी?" म्हणाल्या. मग येशूच्या लोंबत्या हातावर बोट फिरवत राहिल्या. "मले तं तोंड बी दखू दिन्हं नही."
रवीचा चेहराही पाहू दिला नव्हता त्यांना. तेव्हा उलगडलं. मेरीचा एक हात मोकळा, पुढे पसरलेला. म.च्या बाईचे दोन्ही हात ताक्यात रुतलेले. तिथे मुलगा दिसतो, म्हणून आई शांत. इथे तो दिसतच नाही.
मूर्तीतली बाई त्याच, ताक्यात रवी, रविवारी हे बोलणार, असं त्यांना सांगितलं. ऐकून घेतलं. दारात माझा हात धरला: "बाई, बोलू नका. जावई तठेच कामले शे."
जावई शेठकडेच कामाला. बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

९ फेब्रु., रवि.
जमेल तसं लिहिते.
शेठ गुजरातीत बोलले: कापड एटले आपणी लक्ष्मी, कापड म्हणजेच आपली लक्ष्मी. टाळ्या. मग मी. लोखंड, कष्ट, जोडकाम... सगळं गुळमुळीत. आणि तोंडातून गेलंच: "अशीच एक आई इटलीत आहे. तिच्या मांडीवर तिचा मेलेला मुलगा आहे." थांबले.
शेठ हसत: "तो बेन, आमां दीकरो क्यां छे?"
यात मुलगा कुठाय? हॉल हसला. म. जमिनीकडे बघत. मी शब्द दिलेला.
मागच्या कामगारांच्या रांगेतून, जावयासोबत आलेल्या सिंधूताई उठल्या. जावई दंड धरून ओढत होता, त्याला झिडकारून पुढे आल्या. मूर्तीपाशी खाली बसल्या आणि ताक्याच्या त्या लोंबत्या टोकाखाली तळहात धरला. तान्ह्याच्या मानेखाली धरतात तसा.
हसू रांगेरांगेने विझलं. शेठनी त्यांच्याकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे. ओळख पटलेली दिसली. मॅनेजरला हळू आवाजात: "ढांकी दो."

११ फेब्रु., मंगळ.
मूर्तीवर ताडपत्री. शेठचा म.ला निरोप: ताका कापून काढा, फुलांची टोपली बसवा. म. निरोप ऐकून मशीन बंद करून शेडमध्ये बसलाय.
जावयाला सकाळीच ऑफिसात बोलावलंय. सिंधूताई तेव्हापासून माझ्याकडे. मी म्हटलं, मी बोलायला नको होतं.
"तुम्ही कोठे बोलनात? मीच पुढे गऊ." मग स्वतःशीच: "एकडाव तरी हात लावना." एकदा तरी लावला हात, रवीला.
कारखान्याची पाळी सुटली. रस्त्यानं माणसांची रांग चाललीय, डबे वाजताहेत. त्यात जावई नाही अजून. सिंधूताई उठून दारात उभ्या आहेत.
चहा टाकते. तिघांचा.