तिसरी पुळण

बा, जेद्द्याहून मी घरी जी पत्रं धाडली ती सगळी आईच्या नावाने होती. तुझ्या वाट्याला शेवटची एक ओळ यायची, बाला सलाम सांग, तब्येतीला जपायला सांग. तुला सरळ काही लिहायची हिंमत कधी झाली नाही. आज लिहितो आहे तेव्हा तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि मी तुझ्यापेक्षा म्हातारा झालो आहे. होडीच्या दिवसाबद्दल एक गोष्ट तुला सांगायची राहिली. परवा एका बेटावर ती तोंडापर्यंत आली होती, पण तिथेही गिळली. कागदावर तरी उतरते का बघतो. हा तिसरा कागद आहे, पहिले दोन फाडले.

मी पुन्हा सौदीत आहे, पण कामाला नाही. पोरगा इथे जेद्द्यात एका दवाखान्यात एक्स-रे काढतो, त्याने व्हिजिट व्हिसावर बोलावलं. तुझ्या सुनेचे गुडघे गेले म्हणून ती गावीच राहिली. माझ्या व्हिसाचेही आता नऊच दिवस उरलेत आणि डॉक्टरने पुढच्या वेळी विमानाला नाही म्हटलं आहे, म्हणजे ही फेरी शेवटची. पोरगा म्हणाला, "अब्बा, तीस वर्षं इथे काढलीत. शराफिया मोहल्ल्यातल्या मेसचे टोप आणि मक्का सोडून काय पाहिलंत?" मी म्हटलं, तेवढं पुष्कळ झालं. पण त्याने मला न विचारता ठरवून टाकलं होतं. दक्षिणेला, दिवसभर गाडी चालवल्यावर, अल-कहमाच्या समोर समुद्रात एक बेट आहे, आगीच्या डोंगराचं. तिथे अर्ध्या दिवसाची सफर. बोटीत दुसरं कोणी नाही, फक्त आपण. सकाळी आठला निघायचं, एकला परत, तीन पुळणी बघायच्या. नात दहा वर्षांची आहे, ती आठवडाभर नाचत होती. माझ्या सुनेची ड्यूटी होती, म्हणून आम्ही तिघंच.

मला त्या आठवड्यात नीट जेवण गेलं नाही. बोटीचं इंजीन बंद पडलं तर काय, जॅकेटं तिघांना पुरतील का, नातीला पोहता येतं म्हणतात पण ते शाळेच्या तलावात. निघताना गाडीत बसल्यावर मी विचारलं, गॅस बंद केलास ना? पोरगा म्हणाला, "अब्बा, तीनदा बघितला." मी म्हटलं, एकदा आणखी बघ. तो उतरून वर गेला आणि बघून आला.  तेव्हाही माझ्या मनात आलं, हा तुझ्यावर गेला आहे.

खरी धास्ती मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरची होती. इथे चाँदाची तारीख सगळीकडे छापलेली असते, दुकानात, बँकेत, औषधाच्या कागदावर. तू शिकवलेला हिशोब तीस वर्षं माझ्या डोक्यात आपोआप चालत राहिला. हिंदू तांडेल तिथी धरायचे, आपण चाँदाची तारीख. तारखेत एक मिळव, त्याची पाऊणपट कर, जितके येतील तितक्या वाजता पाणी भरलेलं. मेसमध्ये कांदा कापताना मी आपल्या खाडीची भरती काढत असे. इथला चाँद आपल्याकडच्यापेक्षा एक दिवस पुढे असतो, म्हणून एक मिळवायचं नाही, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. परवाची तारीख पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाचा दिवस, आणि सव्वाअकराला आम्ही बेटावर. मी पोराला सांगितलं, दुसरा दिवस घे. तो हसला, "अब्बा, हे आपलं रत्नागिरी नाही." मला वाटलं, ह्याला काय कळतंय, हा एक्स-रेवाला.

जेट्टीवर शिपायाने त्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, आणि माझा पासपोर्ट बघितला. बोटवाला तिथलाच, पन्नाशीचा, डोक्याला फडकं बांधलेला, पायाने सुकाण धरणारा. मला बघून म्हणाला, "या हाज, इजलिस, इजलिस," म्हणजे बसा हाजीसाहेब, बसा, आणि आपली गादी मला दिली. बोट सुटली. मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो. नात विचारत होती, "दादू, आर यू स्केअर्ड?" आणि पोराने तिला ती गोष्ट सांगायला घेतली, जी आपल्या घरात प्रत्येक ईदला निघते. "तुझ्या दादूला एकदा होडी राखायला बसवलं होतं. दादू झोपले. होडी गेली!" नात खिदळली. पोराने तीच गोष्ट हिंदी-अरबी मिसळून बोटवाल्यालाही सांगितली. बोटवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "मग आज ह्यांना झोपू द्यायचं नाही," आणि सगळे हसले. मीही हसलो, बा. पन्नास-साठ वर्षं हसतो आहे.

बेट लांबून जळक्या टोपासारखं दिसतं, खाली उपडं घातलेलं. जवळ गेल्यावर दगड आपल्या जांभ्यासारखा, भोकाभोकांचा, पण काळाकुट्ट आणि कडा कोयतीसारख्या. नात म्हणाली हा सगळा दगड एके काळी वाहत होता. पहिली पुळण काळ्या वाळूची. दुसरीवर शिंपल्यांचा चुरा, पांढरा, मधूनमधून काळे दगड. पाणी इतकं साफ की बोटीची सावली तळाला दिसते. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण मी वाळू बघितलीच नाही. दोन्ही ठिकाणी उतरल्याबरोबर एक दगड निवडला, पाण्याच्या कडेला, आणि तो किती बुडतो ते बघत बसलो. पोरगा म्हणाला, "अब्बा, फोटो काढू, इकडे बघा." मी म्हटलं, काढ, पण लवकर आटप. दर पाच मिनिटांनी घड्याळ. पोराचा चेहरा उतरत चालला होता, मला ते दिसत होतं, पण तोंड थांबत नव्हतं.

आपण कालवं काढायला गेलो तो दिवसही असाच, उधाणाचा. मी बारा वर्षांचा. पहाटेच्या ओहोटीला तू मला खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडपावर नेतोस. होडी दोन दगडांच्या फटीत उभी करतोस, दोराचा फास एका सुळक्याला घालतोस आणि मला बाजूला बसवतोस. सांगतोस, पाणी ह्या पांढऱ्या रेघेला लागलं की हाक मार. तू कोयती घेऊन पार पलीकडे जातोस. मला भीती वाटते. लाट आली की वाटतं पाणी चढलं. मी हाक मारतो, तू घसरत-ठेचकाळत येतोस, रेघ कोरडी. पुन्हा हाक, पुन्हा कोरडी. तिसऱ्या वेळी तुझ्या पायाला कालवाची धार लागलेली असते, रक्त येत असतं. तू माझा कान धरतोस. "आता परत तोंड उघडलंस तर इथंच टाकून जाईन. बायकांनासुद्धा एवढी भीती नसते." आणि जातोस. पलीकडच्या होडीतली माणसं हसतात.

पुढचं गावाला ठाऊक आहे. होडी सुटली, लाटेने खडपावर आदळली, तिच्या फळ्या झाल्या. तू मला खांद्यावर घेऊन गळ्याएवढ्या पाण्यातून किनाऱ्याला आणलंस. कालवांची टोपली तिथेच राहिली. लोकांनी विचारलं, पोरगा काय करत होता? तू म्हणालास, "झोप लागली त्याला. पहाटे उठवलेलं कोवळं पोर, उन्हात बसवलं. चूक माझी." एवढंच. नंतर तू दुसऱ्यांच्या लाँचवर खलाशी म्हणून गेलास, वयाने लहान असलेल्या तांडेलांच्या शिव्या खाल्ल्यास. सातवीनंतर माझी शाळा सुटली. मी सौदीला निघालो तेव्हा माझी पत्र्याची पेटी तू त्याच होडीच्या दोराने बांधलीस, घट्ट दोन गाठी मारून, आणि म्हणालास, दोर चांगला आहे, टाकू नको. शराफियाच्या खोलीत मी त्यावर कपडे वाळत घालायचो. तू गेल्याचं पत्र मला अकरा दिवसांनी मिळालं, तेव्हा त्यावर माझाच ओला सदरा लटकत होता.

तर तिसरी पुळण. बोटवाला म्हणाला तीच खरी बघण्यासारखी, तिथे कासवं वर येतात, पण बोट तिथपर्यंत जात नाही. काळ्या टोकाला वळसा घालून गुडघाभर पाण्यातून पायी जायचं. मला जमणार नव्हतं. पोरगा म्हणाला, "तुम्ही इथे बोटीजवळ बसा अब्बा, आम्ही बघून येतो, मग तुम्हाला हात धरून नेतो." ते दोघं निघाले, नातीची गुलाबी टोपी टोकापाशी पोचली. पावणेअकरा वाजले होते. मी माझा दगड बघितला आणि त्यावरची ओली रेघ दोन बोटं वर आली होती. खरंच आली होती, बा. मी मनाशी म्हटलं, ह्या वेळी गप्प बसायचं नाही. उभा राहिलो आणि ओरडलो. पाणी आलं, परत फिरा, पाणी आलं! आवाज कुठून आला माहीत नाही, बोटवाल्याच्या हातातला चहाचा पेला पडला. पोराला वाटलं मला काही झालं. तो धावत निघाला, मागून नात धावली, आणि त्या कोयतीसारख्या दगडावर पडली. गुडघा चांगलाच फाटला. तिची टोपी पाण्यात वाहत गेली.

बोटवाल्याने आधी नातीच्या गुडघ्याला आपलं फडकं बांधलं. मग मला हात धरून त्या दगडापाशी नेलं. "शूफ, या हाज." दगडावर आपला पंजा ठेवून वीतभर जागा दाखवली. "बस. मोया, पाणी, इथवर, मग खलास. पौर्णिमेलाही एवढंच." ह्या समुद्राला आपल्यासारखी भरतीच नाही. तीस वर्षं मी ह्याच्या कडेला राहिलो आणि मला ठाऊक नव्हतं, कारण किनाऱ्यावरच्या कॉर्निशवर गेलो तरी मी पाण्याकडे पाठ करून बसायचो. पोरगा नातीला उचलून उभा होता. त्याचा आवाज बारीक होता. "अब्बा, आता एक शब्द बोलू नका. प्लीज. एक शब्द नाही." नात रडत रडत म्हणत होती, "इट्स ओके पप्पा, दादू वॉज जस्ट वरीड."

मी बोललो नाही. बोट परत फिरली तेव्हा साडेअकराही झाले नव्हते. तिसरी पुळण कोणीच बघितली नाही. टोकाच्या पलीकडे मला नुसती तिची उजळ कड दिसली. बोटीत पोरगा नातीचा गुडघा धरून बसला होता. तेव्हा सांगता आलं असतं, की बाळा, मी का ओरडलो ते ऐक. पण आधीची गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती झोपेची गोष्ट त्याच सकाळी सगळ्यांनी हसून घेतली होती.

जेट्टीवर पोचल्यावर पोराने गावी फोन लावला. मी गाडीत मागे बसलो होतो, काच उघडी होती. तुझी सून विचारत असणार, इतक्या लवकर कसे परतलात. पोरगा म्हणाला, "काही नाही अम्मी, अब्बांना जरा ऊन लागलं. चूक माझी, सावली बघून बसवायला हवं होतं." बा, तू कधी त्याला भेटला नाहीस. तो जन्मला त्याच्या आदल्या वर्षी तू गेलास. मग हे त्याने कुठून घेतलं?

आता लिहितो. मला झोप लागली नव्हती. मी पाणी रेघेला लागताना बघितलं. ते रेघेच्या वर गेलेलं बघितलं. होडी उचलली गेली आणि दोराचा फास सुळक्यावरून बोटबोट वर सरकायला लागला, तोही बघितला. तो माझ्या हाताच्या अंतरावर होता. हाक मारायचीही गरज नव्हती, नुसता हात टाकला असता तरी पुरलं असतं. मी जागा होतो हे कळलं असतं तरी लोकांना आणि तुलाही एवढंच वाटलं असतं की पोरगा भेदरला. मी भेदरलो नव्हतो. त्या एका वेळी मला अजिबात भीती वाटत नव्हती. माझा कान दुखत होता आणि मी मनात म्हणत होतो, जाऊ दे, आता कळू दे ह्याला. फास निघाला, दोर पाण्यात पडला, तेव्हा मला बरं वाटलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. तू वळून बघेपर्यंत. मग मी डोळे मिटून घेतले.

तुला ठाऊक होतं का, हे मी आयुष्यभर विचारत आलो. मिटलेले डोळे आणि झोपलेले डोळे बापाला वेगळे कळतात, मला माझ्या पोराचे कळायचे. ठाऊक असूनही तू झोप म्हणालास, तर मग पेटी त्या दोराने का बांधलीस? नुसता दोर चांगला होता म्हणून बांधलीस, असं मी समजतो. तसंच समजावं लागतं.

नातीच्या गुडघ्याला दोन टाके पडले, ती टीव्ही बघते आहे. पोरगा आत्ता ड्यूटीवरून आला. बूट काढता काढता त्याने विचारलं, "काय लिहिताय अब्बा एवढं?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, गावी न्यायच्या सामानाची यादी. "खजूर दोन डबे लिहा," म्हणून तो हात धुवायला गेला. बा, मी पानाच्या कडेला खरंच खजूर दोन डबे असं लिहिलं आहे.