सोमवारी नाहीशी झालेली फट

९ जानेवारी, गुरुवार

जेवणाचं टेबल. त्याच्या सहा खुर्च्या — एकही डुगडुगत नाही. आईचा पलंग. लेकीचा पाळणा, आणि ती मोठी झाल्यावर त्याच लाकडाचं तिचं पुस्तकांचं कपाट. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे दरवाजे आणि आतले औषधांचे खण. वाचनालयाचा जिना, वळणासकट. आमच्या कार्यशाळेतली कामाची सगळी टेबलं. सगळं माझ्या हातचं. डाव्या हातचं, कारण मी डावरा. कुणाकडे शिकलो नाही. कुणी शिकवलंही नाही. बघत गेलो, करत गेलो.

मी सुतारकाम शिकवतो; ही यादी आमच्या संस्थेतल्या संगणकाच्या बाईंसाठी. यंदापासून प्रत्येक विद्यार्थ्याने डिजिटल पोर्टफोलिओ ठेवायचा. मुलं नुसतं फोलिओ म्हणतात. कामाच्या प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, आणि खाली दोन प्रश्नांची उत्तरं — काय बिघडलं? पुढच्या वेळी काय वेगळं करशील? लिहायचं नसेल तर बोलून रेकॉर्ड करायचं. शिक्षकांनी आधी स्वतःचा करायचा म्हणे, म्हणजे सवय होईल. बाईंनी यादी वाचली. छान म्हणाल्या. मग विचारलं, "आणि बिघडलेलं काय, मास्तर?" मी म्हटलं, काही नाही.

घरी हे सांगितलं तर ही आतून म्हणाली, "न्हाणीघराचा दरवाजा लिहिलात का?"

तो दरवाजा फुगतो. दमट हवेत कुठलाही फुगतो!

१० जानेवारी, शुक्रवार

आज फोटोंपायी तिघांचा सरस वाळून गेला. बिघडलेलं जगाला दाखवायचं, ही कुठली शिकवण?

२१ जानेवारी, मंगळवार

स्टुलं सुरू झाली. परीक्षेचं मुख्य काम तेच. चार पाय, चार आडव्या पट्ट्या, एक बैठक. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, आणि पायात तिच्यासाठी खाच. जीभ खाचेत हाताच्या हलक्या थापेने बसली पाहिजे. हातोडी घ्यावी लागली तर घट्ट, हाताने निघाली तर सैल. खिळा चालत नाही.

यंदाच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला सगळे गोगलगाय म्हणतात. नाव वकिलाने ठेवलं — हा दुसरा विद्यार्थी, प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून वकील. ती चिडत नाही. इतर पट्टी कापून मोकळे होतात तेव्हा हिची अजून पेन्सिल चाललेली असते. घरच्यांनी तिला एकच वर्ष दिलंय. नापास झाली तर मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. हे तिने सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं.

मी रोज सर्वांच्या आधी पोचतो. दिवे लावतो आणि ओळीने एकेका टेबलापाशी जाऊन कालचं काम बघतो. फट दिसली की जरा हात फिरवतो. कुठे पातळ चकती डकवली, कुठे सरसात भुसा कालवून भरला, कुठे पटाशीने कागदाइतकी साल काढली. मुलं येतात, स्टूल हलवून बघतात. एक तरी म्हणतोच, "मास्तर, रात्रीत लाकूड बसलं!" मी म्हणतो, बसतं कधीकधी.

वेडंवाकडं डोळ्यांसमोर ठेवून मला दिवस काढता येत नाही. आणि वार्षिक प्रदर्शनात आमच्या कार्यशाळेचा पहिला नंबर कधी चुकलेला नाही, तो काय फुकटचा?

३ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी दुपारी बोलावलं. दार लावून घेतलं. पडद्यावर गोगलगायीचा फोलिओ. २५ तारखेच्या शनिवारचा फोटो: मागच्या डाव्या पायाशी फट, नाणं जाईल एवढी. त्यानंतरच्या सोमवारचा फोटो: फट नाही. खाली तिचा आवाज, संथ, मध्येच थांबणारा. जेवढं आठवतं तेवढं लिहितो —

"शनिवारी फट होती. सोमवारी नव्हती. मी काही केलं नाही. लाकूड आपोआप बसतं असं सगळे म्हणतात. म्हणून त्याच लाकडाचा तसाच सांधा घरी करून ठेवला. रोज फोटो काढला. आठवडा झाला, तो बसला नाही. म्हणजे माझ्या स्टुलाला कुणीतरी हात लावलाय. हे माझं म्हणून मला देता येणार नाही."

खाली त्या घरच्या सांध्याचे फोटो. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला, रोज त्याच जागी, तीच फट.

  कान तापले होते. चोरी पकडल्यासारखी तिने माझी मदत पकडली!

४ फेब्रुवारी, मंगळवार

तिला बाजूला घेतलं. आवाज चढला माझा, हे खरं. तक्रार करतेस का माझी, असं विचारलं.

ती रंध्यातला भुसा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तक्रार नाही, मास्तर. पुढच्या वेळी काय करशील, असं विचारलंय त्यात. माझं काय बिघडलं होतं तेच दिसेनासं झालं. मग मी काय सांगू?"

 भुसा साफ कर म्हटलं. ती तेच करत होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्राचार्यांपर्यंत गेलं. बाईंनी सांगितलं नाही. यंदा बाहेरचे परीक्षक फोलिओ वाचणार, म्हणून ते स्वतः सगळे चाळत होते. आवाज गोड होता त्यांचा, म्हणजे काहीतरी कडू गिळायला देणार. नियम असा की वस्तू स्वतःची नाही असं निघालं तर तिचे गुण शून्य. म्हणजे पोरगी नापास. आणि एकीचं निघालं की बाकीच्यांवरही संशय. "तुम्ही सांगितलंत तर ते रेकॉर्डिंग पुसेल ती, मास्तर. एवढासा तुकडा तर आहे. तिच्याच भल्याचं आहे."

तिच्या भल्याचं होतं, हे मलाही पटलं. सुट्टीत तिला गाठलं आणि तसंच सांगितलं. तिने लगेच फोन काढला. वाद नाही, रडणं नाही. अंगठा बटणावर ठेवून विचारलं, "पुसते. पण मग तिथे काय बोलू?"

मी दोन वाक्यं जुळवायला गेलो. फट होती, ती तू भरलीस... पुढे जीभ चालेना. राहू दे म्हटलं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. तिने भांडी विसळायला घेतली. "अहो, तुमच्या हाताला खाज आहे," एवढंच म्हणाली.

८ फेब्रुवारी, शनिवार

सगळ्यांचे फोलिओ घेऊन बसलो. बाई शेजारी, माउस त्यांच्या हातात. मला बघायचं होतं, मी नेमकं किती ठिकाणी हात लावला. त्याच शनिवारचे सगळ्यांचे फोटो एका ओळीत लावायला सांगितले.

फटी सगळ्या एकाच अंगाला!

गोगलगायीची, वकिलाची, वर्गातल्या दोघा भावांची. ज्याची फट, तिथेच. मी रोज बुजवत होतो, एकेक करून, म्हणून कधी दिसलं नाही. बाईंना लाकडातलं कळत नाही, पण त्याही म्हणाल्या, "सगळे एकच चूक कशी करतील?"

चूक एकाची असेल तरच करतील. घरी येऊन करवत धरून बघितली, आधी डाव्या हाताने, मग उजव्या. मी डावरा. पातं रेघेच्या डाव्या अंगाला टेकवतो, मला तिथून रेघ स्वच्छ दिसते. पोरं माझं बघून पातं तिथेच टेकवतात — उजव्या हाताने. त्यांची रेघ पात्याआड जाते. ते आंधळे कापतात. रेघ खाल्ली जाते, कुसू सैल होतं. मला कुणी शिकवलं नाही, याचा केवढा तोरा मिरवला. शिकवलं असतं तर निदान कुणीतरी सांगितलं असतं की बाबा, तू आरशातला माणूस आहेस.



१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी कुठल्याही पटाशीला हात लावला नाही. मुलं आल्यावर स्टुलं मधे मांडली आणि खडू घेतला. जिथे जिथे माझा हात फिरला तिथे खूण केली. बाईंना फोटो काढायला सांगितले, माझ्या फोलिओत घालायला. काय बिघडलं, तेही मीच बोललो. करवतीचं, पात्याचं, सकाळच्या फेरीचं. आवाज नीट निघाला नाही. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करू का, असं बाईंनी विचारलं. नको म्हटलं.

कुणी हसलं नाही. भावांपैकी धाकट्याने स्वतःच्या स्टुलावरच्या खुणा मोजल्या आणि ते पायाने जरा दूर सारलं. ते मला लागलं.

मग वकील म्हणाला, "म्हणजे लाकूड बसत नाही?"

"नाही."

"आणि मी घरी बाबांशी पैज लावून बसलोय!"

तेव्हा हसले. मीही.

प्राचार्यांना सांगितलं की सगळे नव्याने स्टुलं करतील, मी बोट लावणार नाही. त्यांनी चष्मा काढून ठेवला. परीक्षेची तारीख हलणार नाही. प्रदर्शनात नाक कापलं गेलं तर जबाबदारी माझी. लेखी मागितली, दिली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हात पाठीमागे बांधून फिरतो. याहून अवघड काम आजवर केलेलं नाही.

गोगलगायीने आज पहिली पट्टी कापली. पातं आता रेघेच्या उजव्या अंगाला टेकवते, रेघ दिसते तिला. पण मनगट जुन्या वळणावर जातं. करवत दोन बोटं आत गेल्यावर पातं रेघेवर चढायला लागलं. मला दिसलं. एक धक्का दिला असता तर वाचलं असतं. "कुठे बघतेस?" एवढंच विचारलं. ती थांबली. वाकून बघितलं. उशीर झाला होता.

संध्याकाळी तिचं ऐकलं. "मी पात्याकडे बघत होते. रेघेकडे बघायचं असतं. पुढच्या वेळी करवत निम्मी आत गेली की थांबून बघीन."

दुसऱ्या पट्टीला खरंच थांबली.

५ मार्च, बुधवार

परीक्षा झाली. एकही स्टूल निर्दोष नाही. वकिलाचं तर किंचित लंगडतं. परीक्षक स्टुलांपेक्षा फोलिओतच जास्त रमले. गोगलगायीला त्यांनी जुन्या फोटोवरून टोकलं — हे पहिलं स्टूल कुणाचं? म्हणाली, "निम्मं माझं, निम्मं मास्तरांचं. हे नवीन मात्र सगळं माझं. ही फटसुद्धा." आणि ती फट कशी पडली ते कुसवाच्या मापासकट सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

पास झाली. पहिली नाही, तिसरी. पण पास.

प्रदर्शनात आमचं नाव नाही. प्राचार्य जिन्यात समोरून आले आणि घड्याळ बघत गेले.

११ मार्च, मंगळवार

परीक्षकांच्या ओळखीचा फर्निचरच्या कारखान्याचा मालक घरी येऊन गेला. माझा फोलिओ बघून आला होता. खडूची खूण नसती तर कुठे हात लावलाय ते आपल्यालाही ओळखता आलं नसतं म्हणाला. शिकवायचं काही नाही, त्यांच्या पोरांनी केलेल्या मालावर रोज सकाळी, ते यायच्या आत, फक्त हात फिरवायचा. महिन्याला नव्वद हजार. नको म्हणालो.