आपुलकी थोडी कमी आहे

३ मार्च, सोमवार

"मॅडम, आपुलकी थोडी कमी वाटतेय."

सहाव्यांदा! सहा वेळा कपाटात शिरून बसले, दोन्ही बाजूंना रजया, मान वळवायला जागा नाही, आणि तीच पाच वाक्यं बोलले —

नमस्कार. तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. आमची सगळी माणसं सध्या कामात आहेत. कृपया थांबा. आम्ही इथेच आहोत.

कपडे धुण्याची यंत्रं विकणारी कंपनी आहे. यंत्र बिघडलं की माणूस तक्रारीचा फोन लावणार आणि पलीकडून कोणी उचलेपर्यंत माझा आवाज ऐकत बसणार. घरभर साबणाचं पाणी झालेलं, त्याला काय माझी आपुलकी हवीय? त्याला फडकं हवंय. पण हे तोंडावर म्हणायची सोय नाही. नोकरीत असते तर म्हटलं असतं. एकटीने कामं घेणारीने "बघते हं" म्हणायचं असतं. म्हटलं.

या साहेबाचं नाव आजपासून आपुलकीसाहेब. वय जेमतेम तीस. आईसारखा आवाज हवा म्हणाला, पण तरुण आई. आणि हसू ऐकू आलं पाहिजे, पण हसायचं नाही.

सातव्या वेळी मी काही बोललेच नाही. सहावंच पुन्हा पाठवून दिलं. लगेच उत्तर — "वा मॅडम, आता कसं!"

५ मार्च

माझा आवाज त्यांच्या फोनवर लागला. खात्री करायला हवी म्हणून ह्यांच्याच फोनवरून लावून बघितला, तो हाताशी होता. लेकीने आणून दिलेला तो मोठ्या बटणांचा फोन. एक दाबलं की लेक, दोन दाबलं की मी, तीनवर डॉक्टर. चार रिकामं होतं. तिथे कंपनीचा नंबर घालून टाकला, दर वेळी शोधायला नको.

हे डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर डाव्या हाताचं बोट फिरवलं — पुन्हा. पुन्हा लावलं. परत बोट फिरलं. म्हटलं, अहो पुरे आता, माझी कामं पडलीत.

झटका येऊन आठ महिने झाले. सगळं कळतं, पण बोलता येत नाही. उजवा हात मांडीवर तसाच. तोंडातून "आ" आणि "बा" याखेरीज काही निघत नाही. आणि हेच गृहस्थ एके काळी मला बोलून बोलून हैराण करायचे!

मी तेव्हा एका मोठ्या दुकानात निवेदन करायचे. तिसऱ्या मजल्यावर काचेची खोली, समोर मायक्रोफोन. निळ्या फ्रॉकमधली मुलगी चौकशीच्या खिडकीपाशी आहे, आईवडिलांनी यावं. दुकान दहा मिनिटांत बंद होत आहे. हे तिथले लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. आठवड्यातून तीनदा माझ्या खोलीतला स्पीकर बिघडायचा. लग्नानंतर सहा वर्षांनी कबूल केलं की तो एकदाही बिघडलेला नव्हता.

कपाटसुद्धा ह्यांनीच केलं. फळ्या काढल्या, रजया ठोकल्या, आत दिवा लावला, दारावर खडूने लिहिलं — "शांतता. बाई बोलत आहेत."

१० मार्च, सोमवार

बोलणं शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. रोज एक तास घेता का, म्हणाल्या. मी हो म्हटलं. खोटं. कालचा तास म्हणजे बारा मिनिटं, त्यातली चार मी मोबाईल बघत होते.

एकच वाक्य सावकाश, पुन्हा पुन्हा, अजिबात घाई न करता म्हणायचं, असं त्या सांगतात. घाई झाली की ते मिटतात, म्हणाल्या. पहिल्या वर्षात जेवढं परत येईल तेवढं येईल, नंतर फार आशा धरू नका. म्हणजे चार महिने राहिले.

तास अकराचा ठरलाय. आपुलकीसाहेब अकरालाच फोन करतात. दुसरी वेळ मागून बघितली. "मॅडम, अकराचं सगळ्यांना सोयीचं आहे." सगळे म्हणजे कोण, ते विचारायचं राहिलं.

बाईंसमोर ह्यांनी तोंड उघडलं नाही. भिंतीकडे बघत बसले. हट्टी तर पहिल्यापासूनच.

११ मार्च

आज एक काम केलं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर दुसरं काही म्हणता येणार नाही.

ह्यांच्या उशाशी पितळी घंटी असते, मला बोलवायला. आज औषधकंपनीचं चाळीस मिनिटांचं माहितीपत्रक वाचत होते. अडतिसाव्या मिनिटाला घंटी! धावत गेले. काय हवंय? काही नाही. नुसते बघत राहिले. परत पहिल्यापासून वाचलं. एकतिसाव्या मिनिटाला पुन्हा घंटी. "आले! दोन मिनिटं थांबता येत नाही? किती वेळा सांगायचं!" दाराआडून ओरडले. तेही नोंदलं गेलं.

मग घंटीच्या आतल्या लोलकाला रुमाल गुंडाळून गाठ मारली. दहा ते एक. एक वाजता सोडायची.

शाळेत आवाजाचा तास घेणाऱ्या सिस्टर तोंडासमोर मेणबत्ती धरायच्या. शब्द सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे, ज्योत हलता कामा नये. माझी कधी हलायची नाही. आज ती ज्योत भडकून सिस्टरांचा झगासुद्धा पेटला असता.

१४ मार्च

तीन दिवस घंटी नाही. काय शांतता! दोन कामं संपवली.

ह्यांनी रुमालाबद्दल खूणसुद्धा केली नाही.

१७ मार्च, सोमवार

आपुलकीसाहेबांचा घाबरा फोन. त्यांच्या नंबरवर कोणीतरी रोज फोन करतंय. सकाळी दहानंतर सुरू होतो, एकापर्यंत चालतो. बोलत काही नाही. नुसता रांगेत थांबून माझा आवाज ऐकतो, आणि खरा माणूस फोनवर आला की ठेवून देतो! दोन मिनिटांनी पुन्हा हजर. परवा एका दिवसात एकोणतीस वेळा.

मी म्हटलं, गिऱ्हाईक शहाणं दिसतंय, तुमच्या माणसांपेक्षा त्याला वाट बघणं बरं वाटतं. साहेबांना हसू आलं नाही. त्यांना विनोद लेखी पाठवावा लागतो, वर "विनोद" असं लिहून.

कोण असेल पण? असेल कोणी रिकामटेकडा. घरात त्याच्याशी कोणी धड बोलत नसणार.

१८ मार्च

लेकीचा फोन. आई, तू कामं कमी कर. आई, बाबांकडे लक्ष दे. आई, स्वतःकडेही लक्ष दे. मग तिच्याकडे कोणीतरी आलं, तिने ठेवला. लक्ष देऊन झालं.

काम सोडून मी काय करू? त्या कपाटात बसलं की तीन तास मी कोणाची नर्स नसते. हे लेकीला सांगायचं नाही. कोणालाच नाही.

२० मार्च

आपुलकीसाहेबांनी शोध लावला आहे. माझा आवाज फार आपुलकीचा झालाय! त्यामुळे नको ते लोक लाइनवर येऊन बसतात. आता कोरडं हवं. "थांबा" काढायचं. "आम्ही इथेच आहोत" तर नकोच, त्याने माणूस रेंगाळतो. फक्त — सर्व लाइन व्यस्त आहेत, नंतर प्रयत्न करा.

सहा वेळा माझ्याकडून आपुलकी पिळून काढली, आणि आता ती जास्त झाली म्हणे.

सोमवारी अकरापर्यंत दिलं नाही तर ते मशीनचा आवाज घेणार. मशीन थकत नाही, मॅडम, आणि मागे घंटी वगैरे वाजत नाही. एवढं मात्र साहेब फार गोड बोलले. हसू ऐकू आलं.

त्या रिकामटेकड्याच्या फोनची नोंद पाठवतो म्हणाले. ऐका, म्हणजे आमची अडचण तुम्हाला कळेल.

२१ मार्च, शुक्रवार

ऐकली. कपाटात बसून, कानाला लावून.

आधी माझा आवाज. नमस्कार. तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. त्यामागे कोणाचा तरी श्वास, जड, फोनच्या अगदी जवळ. मी मनात म्हटलं, हाच तो खुळा. मग आमचं घड्याळ वाजलं.

आमचंच. अकरा वाजता बारा ठोके देतं. हे दुरुस्त करणार होते, झटक्याच्या आदल्या आठवड्यात खाली काढून ठेवलं होतं.

आणि मग लांबून, दाराआडून, एक बाई ओरडली. "झालं का पाणी पिऊन? मला आता हाक मारायची नाही, सांगून ठेवते!"

त्याच क्षणी कानात तीच बाई म्हणत होती — कृपया थांबा. आम्ही इथेच आहोत.

दोन्ही मीच. एकाच वेळी. तो दुसरा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. रोज तो ऐकणारं घरात एकच माणूस आहे.

श्वास थोडा थांबला. मग अगदी हळू, माझ्या मागोमाग, चाचपडत — "कृ... कृप..." मी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तेही पुन्हा पहिल्यापासून. "था..." पुन्हा. अकरा मिनिटांची नोंद आहे. अकरा मिनिटं मी त्यांना एकच वाक्य शिकवतेय, सावकाश, घाई न करता. एकदाही कंटाळले नाही, एकदाही मोबाईल बघितला नाही.

मग कोणीतरी उचलून "बोला" म्हणालं आणि फोन बंद झाला.

कपाटाच्या दारावरचं खडूचं अक्षर अजून आहे. मी बाहेर येऊन ते वाचत उभी राहिले. बाई बोलत आहेत. कोणाशी?

२२ मार्च

घंटीचा रुमाल सोडला, आता परत बांधायचा नाही. गाठ ओली झाल्यासारखी घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. हे बघत होते. फोन उशीखाली सरकवायला धडपडत होते, तोही बघितला नाही असं केलं.

२४ मार्च, सोमवार

कोरडी दोन वाक्यं पाठवलेली नाहीत. अकराला ह्यांच्यापाशी बसले. पंधरा मिनिटं झाली, ह्यांचं तोंड मिटलेलं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत माझा मोबाईल वाजू लागला. आपुलकीसाहेब. काम जाणार, हे माहीत होतं. तरी सवयीने उठले, दारापर्यंत गेले.

मागून — "कृपया."

वळले. तोंड वाकडं, कपाळावर घाम.

"था... बा."

चौतीस वर्षांत मला कधी "थांबा" म्हटलं नव्हतं ह्यांनी! शब्द माझे, चढउतार माझे, शेवटचा "बा" सिस्टरांनी शिकवला तसा खाली ठेवलेला. ज्योत हलली नसती.

मोबाईल वाजत होता. मी परत येऊन बसले. आपुलकी कुठेही कमी नव्हती.

"आम्ही," मी म्हटलं, आणि वाट बघत राहिले.