न सापडलेली बिडी

अण्णा,

तुम्ही बिडी ओढत नव्हता, यावर माझा विश्वास यंदा बसला. सोनईच्या शाळेत मुलांना प्रार्थना सांगताना तुमचा श्वास अर्ध्यातच तुटायचा, आणि घरी आई तुमच्या सदऱ्याची कॉलर हुंगून मगच तो बादलीत टाकायची. खिसे उलटे करायची, सायकलच्या पिशवीत हात घालायची. काही मिळायचं नाही. "सापडत न्हाई म्हंजे लई हुशारीनं वढत्यात," असं ती म्हणायची. तुम्ही एकदाच चिडलात. ताट सरकवून म्हणालात, "तुझी गळ्याशपथ, तोंडाला लावलेली नाही." त्यावर आई म्हणाली, "मला कशाला मारताय?" पन्नाशी न गाठताच तुम्ही गेलात, तेव्हा दारात जमलेले लोकही बिडीचंच कुजबुजत होते.

यंदा दुकानात ट्रॅक्टरचा टायर सरकवायला गेलो आणि धापा टाकत खालीच बसलो. आई माझेही शर्ट हुंगायला लागली. नगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट किती?" नाही म्हटलं, तर त्यांनीही तिच्यासारखंच पाहिलं. शेवटी तपासायला रक्त पुण्याला गेलं. फुप्फुसांना राखणारं एक प्रथिन माझ्या रक्तात जन्मापासूनच फार कमी आहे, असं निघालं. त्यामुळे धुराशिवायही फुप्फुसं झिजतात. मी तुमच्याबद्दल सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्यांनाही बहुतेक हेच असणार."

आता दर आठवड्याला नगरला जाऊन ते प्रथिन शिरेतून घेतो. कितीतरी अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेलं असतं म्हणे. गेलेलं फुप्फुस त्यानं परत येत नाही, उरलेलं सावकाश झिजावं एवढीच आशा. मला यात काहीतरी खोट वाटते. बरं वाटणारच नसेल, तर औषध लागू पडतंय हे ओळखायचं कशावरून? आई शेजारी बसते, बाटलीवरून नजर हलवत नाही. परवा तिनं नर्सला विचारलं, "ह्यात नुसतं पानीच न्हाई कशावरनं?" नर्स हसली. मला हसू आलं नाही, माझ्याही मनात तेच होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत मी तिला सांगितलं, अण्णांना हाच आजार असावा, बिडीचा काही संबंध नव्हता. घोडेगाव मागे पडल्यावर ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "शेवटी त्यांला धड बोलताबी येत न्हवतं रे. तरी मी इचारायचे, आता तरी खरं सांगा."

मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "मंग तुला कुठनं आलं हे?"

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. हा दोष आई आणि वडील, दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला असता, तर माझी अशी गत झाली नसती. आईवडील नात्यातले का, असंही त्यांनी विचारलं होतं. आई तुमच्या सख्ख्या मामाची मुलगी, हे ऐकून त्यांनी नुसती मान डोलावली.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. माणूस खोटं बोलला की आपल्याला कळतं, असा तिचा समज आहे.

"अण्णांकडून," मी म्हणालो. "एकट्या अण्णांकडून."

तुमच्यावर सगळं टाकलं, अण्णा, आणि तिनं ते लगेच खरं मानलं. तिला वाचता येतं, म्हणून हा कागद मी घरात ठेवणार नाही.