घोंगडी घ्यायला सोता या

॥ श्री बिरोबाची कृपा असो ॥

मुक्काम शिरूर, कार्तिक वद्य चतुर्थी, फसली सन १३२१.

मौजे भिंगार, जिल्हा नगर, इंग्रजी अंमल, येथील राजमान्य राजश्री (नावाची जागा तूर्त कोरी ठेवली आहे. बाई पतीचे नाव घेत नाहीत. त्यांचे वडील सिदूबुवा जावयाचे नाव घेणार नाही म्हणून हट्टाला पेटले आहेत. मला ते ठाऊक नाही. पत्र संपेपर्यंत कोणी तरी सांगेलच.) यांस साखराबाईचा पायावर डोके ठेवून नमस्कार. इकडे सर्वांची प्रकृती यथास्थित, आपली कशी ते कळवीत जावे. (लिहिणार अर्जुनराव, तहसील कचेरीतील माजी कारकून. बोलणे बाईंचे, अक्षर माझे. "मी बोलते तसंच लिवा, सुधारू नका," असा हुकूम आहे. कंसातला मजकूर तेवढा माझा.)

तर आवं, खोकला गेला का? मधात हळद कालवून ठेवलीया, फळीवर, डाव्या अंगाला. तुमाला उजव्या अंगाला बघून "न्हाई" म्हनायची खोड हाय म्हनून सांगते. शेजारच्या कडूबाईला भाकरीचं सांगून आलेय, पर तिच्या कोरड्यासाला नावं ठेवू नका, ती काय तुमची बायको न्हाई ऐकून घ्यायला. मी बरी हाय. तुमी म्हनला व्हता, "पाथर्डी वलांडायची न्हाईस, तिथूनच मागं फिरशील." मी वलांडली. ही गोष्ट जरा मोठ्या अक्षरात लिवा, अर्जुनकाका. (मोठ्या अक्षरात लिहिली.)

आता आपलं भांडान कशाचं, ते तुमाला ठावं हाय, पर काकांना न्हाई, आन् कारान ठावं नसलं तर लिवनाराच्या हाताला जोर येत न्हाई. म्हनून त्यांना सांगते, तुमी बी ऐका, तुमच्या बाजूनं आठ वरसं ऐकलंय, आता माझ्या बाजूनं ऐका. लग्नात आमच्या बापानं जावयाला घोंगडी कबूल केलती. आमच्यात जावयाची घोंगडी काळ्या मेंढराच्याच लोकरीची, रंग न देता, त्यात पांढरा केस नगं, अशी रीत हाय. बापानं दिली, मांडवानं वाहवा केली. कोनी बी शहान्या मानसानं ती खांद्यावर टाकली असती आन् पंगतीला बसला असता. तुमी ती उनात नेली, भुईवर पसरली, आन् मेंढराच्या गोचड्या बघाव्या तसं बोट-बोट बघत पांढरे केस मोजाया लागला. सतरा निघाले. पंगत बसलेली, भात गार व्हतोय, माझ्या हळदीचा अजून वास येतोय, आन् तुमी उभं राहून समद्या गावाला ऐकू जाईल असं म्हनला, "सासऱ्यानं फसवलं. बिनकेसाची घोंगडी हातात येईस्तवर ह्या दाराचं पानी मी पिनार न्हाई, माझी बायको पिनार न्हाई." आवं, तुमचं पानी तुमी सोडा, माझं कावून सोडलं? म्या काय केस मोजले व्हते?

आन् आमचा बाप तरी कुठं कमी हाय! त्यो म्हनला, "दुसरी घोंगडी दीन, पर जावयानं सोता येऊन दारात घ्यावी. धाडून द्यायला ती काय टपाल हाय?" एक म्हनतो हातात आल्याबगर येत न्हाई, दुसरा म्हनतो आल्याबगर हातात देत न्हाई. आसं आठ वरसं. दोन एडके टकरा घेत्यात आन् मधल्या मधी मेंढवाड्याच्या जाळ्याची, वाघुरीची काठी मोडती, ती काठी म्हंजे मी. (सिदूबुवा येथेच बसून ऐकत आहेत. "खरं हाय" असे म्हणाले. कोणत्या वाक्याला, ते कळले नाही.)

पर आईचा निरोप आला, नजर चालली, एकदा तोंड दाखवून जा, तवा तुमी काय केलं? तोंड फिरवून शेळी पिळत बसला. ती शेळी सकाळीच पिळलेली व्हती, मला काय दिसत न्हाई व्हय? तवाच म्या आईसाठी घेतलेलं लुगडं गाठोड्यात बांधलं. पाथर्डीपर्यंत कडूबाईच्या भावाच्या गाडीतनं आले. त्याचा एक बैल असा की सावली दिसली की बसतो, आन् एकदा बसला की त्याला उठवायला समद्या गाडीनं उतरून त्याची समजूत काढायची. (हे बैलाविषयीच आहे, असे बाई आवर्जून सांगतात.) पाथर्डीपासनं पायी आले, एकली. वाटंत धा जनांनी इचारलं, "संगट कोन न्हाई का?" म्या म्हनले, "हाय की, राग हाय."

मंग हद्दीवरचा करोडगिरीचा, जकातीचा नाका लागला. हिकडं इंग्रज, तिकडं आपलं निजाम सरकार, मधी एक बांबू आडवा, आन् बांबूला टेकून मुनशी. मुनशी लई भला मानूस, पानी दिलं, सावलीत बसवलं. म्हनला, नवं लुगडं हाय, वहीत चढवावं लागंल, नाव सांगा. म्या सांगितलं. गाव सांगितलं. मंग म्हनला, "नवऱ्याचं नाव?" म्या पदर वढून गप बसले. परत इचारलं. म्हनले, वळखा की, उंच हायेत, नाकावर राग हाय, भिंगारात मेंढरं राखत्यात. मुनशी म्हनला, "बाई, वहीत 'नाकावर राग' लिहायला खाना नाही." तिसरा पहर झाला. मागं गुळाच्या दोन गाड्या येऊन थांबल्या, गाडीवान वरडाया लागले. शेवटाला म्या म्हनले, जेजुरीच्या देवाची थोरली बायको हाय न्हवं, तिच्या नावावरनं ध्यानात घ्या. (बाई त्या देवीचेही नाव घेत नाहीत, कारण त्यात पतीच्या नावातील दोन अक्षरे येतात. आठ वर्षे आरतीला देखील त्या जागी गप्प राहतात, असे समजते.) मुनशीला बिचाऱ्याला जेजुरीचं काय ठावं! त्यानं देवाचं एवढंच ऐकलं, म्हनला, "देवाचं नाव? मग राधाकिशन," आन् लिवून टाकलं!

म्या वरडले, न्हाई न्हाई. त्यो म्हनला, "मग खरं सांगा." आता खरं कसं सांगू? खोटं म्हनावं तर खरं सांगावं लागतंय, खरं सांगावं तर तोंड इटाळतंय. मागनं गाडीवान म्हनला, "बे, राधाकिशन तर राधाकिशन, सोड की!" मुनशीनं शिक्का मारला. तर मालक, सरकारच्या वहीत मी आता राधाकिशनची बायको हाय. कोन ह्यो राधाकिशन, काळा का गोरा, देवाला ठावं. म्या इचारलं, आता ह्याला उपाय? मुनशी म्हनला, परत जाताना नवऱ्यानं सोता येऊन आपलं नाव सांगावं, दुरुस्ती करून देतो. (मुनशीचे म्हणणे कायद्याला धरून आहे. सरकारी वहीतली नोंद पुसता येत नाही, तिच्या खाली दुसरी करता येते. बत्तीस वर्षांच्या नोकरीवरून लिहितो.)

दिवस बुडायच्या आत शिरुरात आले. दारात उभी राहिले. आई भाकरी थापत व्हती. म्या बोलले न्हाई, बघावं म्हनलं. तिनं वर बघितलं, सरळ माझ्याकडं, आन् इचारलं, "कोन हाय बया?" म्या जवळ गेले. पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावरनं फिरवला, नाक चाचपलं, कानातली बुगडी चाचपली, आन् मंग अशी रडली की तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. मंग तिनं तांब्या भरून पानी आनलं. मला तुमची शप्पत आठवली. त्या तांब्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आन् प्याले. दोन तांबे. हे बी मोठ्या अक्षरात लिवा, काका. (लिहिले.)

दुसऱ्या दिवशी दगडाबाई आली, ल्हानपनीची माझी मैतरीन. आमी सिंदफणेवर गेलतो, वाळूत झिरा उकरून पानी भरलं, आन् बोलत बसलो ते इतकं की झिऱ्यात परत वाळू भरली. तिनं पयला सवाल काय केला म्हनता? "आमचा सतरा केसांचा जावई कुठाय गं?" आवं, गावात तुमाला त्याच नावानं वळखत्यात! तुमचं खरं नाव कुनाला ठावं न्हाई. दळताना कुनी डाळीतला खडा काढला तर बाया म्हनत्यात, "लई सतरा केस काढू नगंस." म्या दगडाबाईशी भांडले. म्या शिव्या दिल्या तर चालतंय, गावानं का द्याव्या?

आता कामाचं. घोंगडी तयार हाय. कवाची तयार हाय. तुमी रुसून गेला त्याच्या दुसऱ्या दिसापासनं आईनं काळ्या मेंढराची लोकर येगळी ठेवाया सुरवात केली. दर कातरनीला मूठ-मूठ. पांढरा केस नखानं निवडायचा, सोता सूत कातायचं, सूत सोता तपासायचं. दोन वरसांमागं सनगराकडनं विणून घेतली, चिंचोक्याची खळ दिली, लिंबाचा पाला घालून पेटीत ठेवली. म्या हात लावून बघितली. काळीभोर हाय. कोळसा शरमंल. एक पांढरा केस न्हाई. पर मी ती आनत न्हाई, आन् धाडत न्हाई. आन् मी बी हलत न्हाई. चंपाषष्ठीच्या आत तुमी शिरुरात यायचं. षष्ठी झाली की बाप मेंढरं घेऊन गोदेकाठाला उतरतो, मंग दारात घोंगडी द्यायला कोन न्हाई. आन् आईची नजर... पुढच्या कातरनीपर्यंत तिला उजेड-अंधार तेवढाच कळंल, असं वैदू म्हनतो. तिला जावयाचं तोंड बघायचंय. तुमचं तोंड काय बघन्यासारखं हाय, देव जानं, पर तिला बघायचंय. म्हनून म्या ठरवलंय. तुमी आला तर मी परत येते. न्हाई आला तर मी हितंच राधाकिशनची बायको म्हनून राहते. सरकारचा शिक्का हाय माझ्यापाशी.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, शेळीला दोनदा पिळू नका.

ताजा कलम: आठवन येती असं कुठं लिवलं न्हाई ना, काका? (नाही लिहिले.) बरं केलं. 

ताजा कलम दुसरा: (हे माझे. पत्त्यावर नावाशिवाय टपाल जाणार नाही, म्हणून मी लेखणी खाली ठेवली. बाई भिंतीकडे पाहू लागल्या. सिदूबुवा छपराकडे. एवढ्यात बाईंच्या आई बायनाबाई चाचपडत उंबऱ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "लिवा की, म्हाळूराव. राव लिवायला इसरू नका, रुसत्यात." त्याप्रमाणे राजमान्य राजश्री म्हाळूराव असे लिहिले आहे. वरील कोऱ्या जागी ते वाचून घ्यावे.)

ताजा कलम तिसरा: काका, थांबा, घडी घालू नका. आई आत गेली, बाप मेंढरांकडं गेला. आता हळू बोलते, तुमी बी हळू लिवा.

म्या वर लिवलं ते खोटं हाय. घोंगडी म्या उनात नेऊन बघितली, आई दगडाबाईचा हात धरून झिऱ्यावर गेलती तवा. तुमच्या सतरा केसांचं काय घेऊन बसला, हितं म्या पन्नासावर मोजायचं सोडलं. पट्ट्याच्या पट्ट्या पांढऱ्या हायेत. तिला दिसलेच न्हाईत वो. निवडले म्हनून तिनं जे टाकले त्यातले निम्मे काळे असतील, आन् पांढरे सुतात गेले. तिला वाटतंय काळीभोर हाय. रोज पेटी उघडून हात फिरवती. बापाला समदं दिसतंय. पयली सहा वरसं अडला त्यो हट्टानं, ह्या दोन वरसांत न धाडायचं कारान हेच हाय, त्यानं काल मला मेंढवाड्यात सांगितलं आन् डोळं पुसलं. तुमी परत उनात पसरसाल, परत मोजसाल, आन् ते तिच्या कानावर येईल, याचं त्याला भ्याव हाय.

तर आता माझं मागनं एवढंच. तुमी या. घोंगडी दारात उभं राहून घ्या, उनात नेऊ नका, तिथंच खांद्यावर टाका. आन् आईला ऐकू जाईल असं म्हना, "एक बी पांढरा केस न्हाई." मोठ्यानं म्हना. तुमाला मोठ्यानं बोलता येतं, त्या दिशी मांडवात समद्या गावानं ऐकलंय.